गंभीर आजारात उपशामक सेवा आणि हॉस्पिस

आजार बरा होण्यासारखा राहिलेला नाही, किंवा बरा होईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, अशा वेळी रुग्णाची वेदना, धाप, उलट्या, जखमेची दुर्गंधी, उडालेली झोप, मनातली भीती आणि घरच्या माणसांची ओढाताण यांवर जे उपचार केले जातात, ते उपशामक सेवेत मोडतात. दवाखान्यांत तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती आजाराच्या कोणत्याही टप्प्यावर सुरू करता येते आणि केमोथेरपी, रेडिएशन, डायलिसिस, हृदयाची औषधे यांच्या जोडीने चालू राहते. हॉस्पिस हा याच सेवेचा अखेरचा टप्पा. मूळ आजारावरचे उपचार लागू पडेनासे झाले, किंवा त्यांचा जाच त्यांच्या फायद्याहून जास्त झाला, आणि हाताशी काही आठवडे किंवा थोडे महिनेच आहेत असे दिसू लागले, की ते उपचार थांबवून सगळे लक्ष रुग्णाच्या आरामाकडे दिले जाते. ही सेवा स्वतंत्र वास्तूत मिळते, तशी घरीही मिळते.

त्यामुळे या दोहोंतली निवड एक घ्यायची आणि दुसरी सोडायची अशी नसते. पहिली कधी सुरू करायची आणि दुसरीकडे कधी वळायचे, एवढाच खरा प्रश्न असतो. बहुतेक कुटुंबांत पहिलीला उशीर होतो, आणि त्यापायी दुसरीचा विचार करायला सवडच राहत नाही.

‘दोहोंपैकी एक’ असा प्रश्न रूढ झाला तो अमेरिकेतल्या नियमांमुळे. तिथे १९८२ साली मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यात हॉस्पिसचा समावेश झाला. रुग्णाचे आयुष्य साधारण सहा महिन्यांचे उरले आहे असे डॉक्टरांनी लिहून द्यायचे आणि आजार बरा करण्यासाठीचे उपचार रुग्णाने सोडायचे, अशी त्यात अट होती. तिथल्या रुग्णाला खरोखरच एका कागदावर सही करून एक दार बंद करावे लागते. भारतात अशी अट नाही. आयुष्मान योजनेचा आधार मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याशी जोडलेला आहे, घरी येणाऱ्या नर्सशी किंवा घरात होणाऱ्या सेवेशी नाही. इथल्या कुटुंबाला सही कुठेच करावी लागत नाही. इथे एक दिवस डॉक्टर सांगतात, ‘घर ले जाइए, सेवा कीजिए.’ ती सेवा कशी करायची, रात्री दोन वाजता दुखणे उसळले तर काय द्यायचे, हे मात्र त्या वाक्यात नसते. उपशामक सेवा नेमकी तिथून पुढचे काम करते.

आधुनिक हॉस्पिसची सुरुवात लंडनमध्ये झाली. सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि नंतर डॉक्टर. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणाऱ्या माणसाचे दुखणे केवळ शरीराचे नसते. त्यात मनाचे, नात्यांचे, पैशांचे आणि श्रद्धेचे दुखणे मिसळलेले असते, हे त्यांनी मांडले. त्यांची दुसरी शिकवण अगदी व्यवहाराची होती. वेदनाशामक औषध रुग्ण कळवळेपर्यंत थांबून द्यायचे नाही, घड्याळ लावून द्यायचे. कॅनडात बॅल्फोर माउंट या शल्यचिकित्सकाने १९७०च्या दशकात हाच विचार मॉन्ट्रियलच्या मोठ्या रुग्णालयात नेला आणि पॅलिएटिव्ह केअर हे नाव रूढ केले.

भारतातले पहिले हॉस्पिस मुंबईत उभे राहिले. कर्करोगाचे शल्यचिकित्सक डॉ. लुईस जोस डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना सुरू केले. पुढे गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. तिथली सेवा विनामूल्य आहे. पुण्यात वारज्याला १९९७ साली सिप्लाचे उपशामक केंद्र उभे राहिले. त्याची पद्धत वेगळी. तिथे रुग्णाबरोबर घरचे माणूसही राहते; वेदना आटोक्यात आणतात, जखम धुणे, नळीतून जेवण भरवणे, कूस बदलणे त्या माणसाला शिकवतात आणि रुग्णाला घरी पाठवतात. नागपुरात स्नेहांचल हे काम करते. दिल्लीत हरमाला गुप्ता यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली कॅनसपोर्ट ही संस्था डॉक्टर, नर्स आणि समुपदेशक यांची पथके थेट घरी पाठवते. केरळने तर हा विषय रुग्णालयांच्या हातातून काढून गावाच्या हातात दिला. १९९३ साली कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी स्थापन केली. त्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले, आणि २००८ साली त्या राज्याने उपशामक सेवेचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. ग्वाल्हेरसारख्या शहराने यांतले वारजे आणि कालिकत हे दोन नमुने नीट अभ्यासावेत. मोठी वास्तू बांधण्यापेक्षा घरातल्या माणसाला शिकवणे आणि मोहल्ल्यातल्या माणसांना जोडणे इथे जास्त शक्य आहे.

उपशामक सेवा केव्हा सुरू करावी, याचे उत्तर आता बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास झाला आणि २०१० साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचारांसोबत उपशामक सेवा दिली गेली, उरलेल्यांना फक्त नेहमीचे उपचार. पहिल्या गटातले रुग्ण कमी उदास होते, शेवटच्या दिवसांत त्यांच्यावर आक्रमक उपचार कमी झाले आणि तरीही ते जास्त जगले. त्यांचे मध्यक आयुष्य ११.६ महिने भरले, दुसऱ्या गटाचे ८.९ महिने. ‘पॅलिएटिव्हकडे पाठवले म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले’ ही समजूत या एका अभ्यासापुढेही टिकत नाही. गंभीर आजाराचे निदान झाले त्याच आठवड्यात उपशामक सेवेची चौकशी करावी, हे बरोबर.

हॉस्पिसकडे वळण्याची वेळ ओळखणे त्याहून अवघड असते, कारण प्रत्येक आजाराचा उतार वेगळा. कर्करोगात माणूस बराच काळ हिंडता-फिरता असतो आणि मग काही आठवड्यांत झपाट्याने खालावतो. हृदय, फुफ्फुसे किंवा मूत्रपिंडे निकामी होत जातात तेव्हा चढउतार होतात. दर वेळी रुग्णालयातून थोडे बरे होऊन घरी येणे होते, पण आधीच्या पायरीपर्यंत पोहोचणे होत नाही. स्मृतिभ्रंशात उतरण वर्षानुवर्षे चालते. म्हणून कर्करोगाच्या रुग्णाबाबत निर्णयाची वेळ निदान दिसते तरी. हृदयविकाराच्या रुग्णाबाबत ती पुष्कळदा अतिदक्षता विभागाच्या दारातच येऊन ठेपते. डॉक्टर स्वतःला एक साधा प्रश्न विचारतात: हा रुग्ण येत्या वर्षभरात गेला तर आश्चर्य वाटेल का? ‘नाही’ असे उत्तर आले, तर बोलणे सुरू करण्याची वेळ झालेली असते. घरच्यांनाही काही खुणा कळतात. दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणात जाऊ लागतो, खाणे कमी होते, वजन उतरते, रुग्णालयाच्या खेपा जवळजवळ येऊ लागतात. आणि सगळ्यांत महत्त्वाची खूण म्हणजे रुग्ण स्वतःच म्हणतो की आता पुरे.

ग्वाल्हेरच्या रुग्णाची वाट बहुधा ठरलेली असते. जयारोग्य रुग्णालय आणि १९४६ साली सुरू झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय, टेकडीवरचे कर्करोग रुग्णालय, मग दिल्लीचे एम्स किंवा पंजाब मेलने मुंबई आणि परळचे टाटा. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी इथली माणसे तर ग्वाल्हेरलाच लांबून आलेली असतात. तंबाखू आणि गुटख्याने होणारे तोंडाचे कर्करोग या भागात खूप आहेत, आणि अनेक जण येतात तेव्हा आजार पुढे गेलेला असतो. दुसऱ्या शहरात धर्मशाळेत महिने काढायचे, दागिने आणि जमीन विकायची, आणि शेवटच्या पंधरवड्यात रुग्णाला झोपवून रेल्वेने परत आणायचे, हे शेकडो घरांनी भोगले आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांची अडचण आणखी वेगळी आहे. वाड्यात दोन म्हातारी माणसे, मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला किंवा परदेशात. आई आजारी पडली की पंचाहत्तरीचे वडीलच सेवेकरी होतात. अशा घरात ‘आपल्या माणसाला आपणच सांभाळायचे’ ही निष्ठा अपुरी पडते. बाहेरून मदत घेण्यात कमीपणा मानणे त्या दोघांवरही अन्याय करणारे आहे.

या शहराच्या संदर्भात एक गोष्ट फार बोचणारी आहे. औषधासाठीची अफू ज्या मोजक्या प्रदेशांत परवान्याने पिकते, त्यांत मध्य प्रदेशातले मंदसौर आणि नीमच येतात. हा मुलूख एके काळी ग्वाल्हेर संस्थानातला. नीमचला सरकारी अफू आणि अल्कलॉइड कारखाना आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरचे सर्वांत भरवशाचे आणि स्वस्त औषध, मॉर्फिन, याच अफूपासून मिळते. तरी केरळ आणि मोठ्या शहरांतली कर्करोग रुग्णालये सोडली तर देशात ते सहज मिळत नाही. १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याने अनेक परवान्यांचे आणि जबर शिक्षेचे भय निर्माण केले. औषधविक्रेत्यांनी ते ठेवणे सोडले, डॉक्टरांनी लिहिणे सोडले, आणि वैद्यकीय शिक्षणातून त्याची ओळखच पुसली गेली. १९९७ साली संपूर्ण देशात अवघे १८ किलो मॉर्फिन वापरले गेले. वेदनामुक्तीसाठी झटणाऱ्या डॉक्टरांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे अत्यावश्यक ठरवली गेली. आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून एकच मान्यता घेतली की रुग्णालय ती ठेवू शकते. प्रशिक्षित डॉक्टर असणे आणि नोंदी काटेकोर ठेवणे एवढीच मुख्य अट आहे. कायद्याची अडचण दूर झाली. डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्या मनातली भीती मात्र अजून गेलेली नाही.

ती भीती तीन तऱ्हांची असते. व्यसन लागेल, माणूस लवकर जाईल, आणि आत्ताच दिले तर पुढे काही उरणार नाही. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचित लागते. डोस कमी मात्रेपासून सुरू करून वेदनेप्रमाणे वाढवला तर मॉर्फिन आयुष्य तोडत नाही. वेदना थांबल्याने माणूस झोपतो, चार घास खातो, बोलतो. आणि त्याला ठरावीक कमाल मर्यादा नसल्याने पुढे वेदना वाढली तर डोसही वाढवता येतो. साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती दर चार तासांनी द्यायची. सुरुवातीला मळमळ आणि गुंगी येते, ती थोड्या दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. म्हणून मॉर्फिनसोबत रेचक पहिल्या दिवसापासून लिहून घ्यावे. हे राहून जाते आणि मग रुग्ण वेदनेपेक्षा पोटानेच हैराण होतो. धाप लागलेल्या रुग्णालाही थोड्या मात्रेतले मॉर्फिन आराम देते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

उपशामक सेवा म्हणजे केवळ मॉर्फिन असे मात्र नाही. तोंडाच्या कर्करोगाच्या जखमेला इतका वास सुटतो की घरातलीच माणसे दुसऱ्या खोलीत बसू लागतात. मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर वापरण्याचा उपाय भारतीय केंद्रांतून सर्रास केला जातो आणि तो काही रुपयांचा आहे. दर दोन तासांनी कूस बदलली तर अंथरुणव्रण टळतात. एअर बेड भाड्याने मिळतो. नळीतून भरवताना डोके उंच ठेवायचे, तोंड ओल्या कापडाने पुसत राहायचे, या गोष्टी नर्स एका दुपारी शिकवू शकते. रात्रीच्या संकटासाठी कोणते औषध किती द्यायचे हे आधीच लिहून, ते औषध एका डब्यात तयार ठेवले, तर मध्यरात्रीची रुग्णवाहिका पुष्कळदा टळते. घरचे हॉस्पिस चालते ते या तयारीवर, आणि ज्याला फोन करता येईल अशा एका डॉक्टरवर किंवा नर्सवर.

शेवटच्या दिवसांत सर्वाधिक वाद होतो तो अन्नपाण्यावरून. ‘पोटात काही नाही, निदान सलाईन तरी लावा,’ असा आग्रह बाहेरून आलेला एखादा नातेवाईक धरतोच. त्यामागची माया खरी असते. पण मृत्यू जवळ आला की शरीराची भूक आणि तहान मंदावते. तेव्हा शिरेतून सोडलेले पाणी अंगाला सूज आणते, छातीत साचते आणि श्वासाची घरघर वाढवते. ओठ ओले करणे, चमचाभर पाणी, हवे असेल तर आवडीचा एखादा घास, एवढे त्या वेळी पुरते. रुग्ण अन्न सोडतो म्हणून मरतो असे नसते. मृत्यू जवळ आल्याने त्याचे अन्न सुटते. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध सोडून जाणीवपूर्वक देह ठेवला, ती गोष्ट वेगळी. हॉस्पिसमध्ये मृत्यू घडवून आणत नाहीत आणि लांबवतही नाहीत. इच्छामरणाशी त्याची गल्लत करणे चूक आहे.

निवडीतला सर्वांत नाजूक भाग म्हणजे रुग्णाला सांगायचे की नाही. मराठी घरांत ‘बाबांना कळता कामा नये’ हे वाक्य डॉक्टरांच्या खोलीबाहेर पहिल्यांदा बोलले जाते. प्रेमापोटीच बोलले जाते, पण त्याने ज्याचा आजार आहे तोच निर्णयातून वगळला जातो. बहुतेक रुग्णांना अंदाज आलेला असतो, आणि घरच्यांना त्रास नको म्हणून तेही गप्प बसतात. दोन्ही बाजूंनी गुपित पाळले जाते आणि शेवटचे महिने त्यातच जातात. बँकेचे, घराचे, भांडलेल्या भावाला बोलावण्याचे, कुठे मरायचे याचे बोलणे राहून जाते. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे हे त्यालाच हळूहळू विचारावे, आणि तो विचारेल तेवढे खरे सांगावे. हे काम उपशामक सेवेतली माणसे शिकून करतात. घरच्यांनी ते एकट्याने अंगावर घेऊ नये.

रुग्ण बोलू शकत नसेल तर त्याची इच्छा काय होती हे कसे कळावे, या प्रश्नावर भारतीय कायद्याने उत्तर शोधले ते मुंबईतल्या एका खटल्याच्या निमित्ताने. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचार झाला. त्यानंतर मे २०१५ पर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांची चार दशके शुश्रूषा केली. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये त्यांच्यासाठी परवानगी नाकारली, पण जीवरक्षक उपचार थांबवण्याचा मार्ग तत्त्वतः मोकळा केला. ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला गेला आणि पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली. त्याची सुरुवातीची पद्धत इतकी किचकट होती की ते करणे जवळपास अशक्य होते. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली. आता अठरा वर्षांवरील सुजाण व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर लिहून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करू शकते. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसांची नावे त्यात द्यायची असतात आणि एक प्रत महापालिकेने किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. प्रत्यक्ष वेळ आली की रुग्णालयातली डॉक्टरांची दोन मंडळे एकापाठोपाठ मत देतात, त्यांनी शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यावा असे न्यायालयाने म्हटले आहे. गोव्यात मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतः असे इच्छापत्र नोंदवले. हे इच्छापत्र धडधाकट असतानाच करावे. आजारपणात सही घेताना घरातच संशय उभे राहतात.

घर की संस्था, हा शेवटचा निर्णय घरात कोण आहे यावरून ठरवावा. वेदना आटोक्यात असेल, दोन तरी सशक्त माणसे आळीपाळीने जागू शकत असतील, फोनवर कोणी जाणकार असेल, तर घर बरे. बहुतेक रुग्णांना हवे असते तेही घरच. रक्तस्राव, न थांबणारी ओकारी, आवरता न येणारी बेचैनी असेल, किंवा सेवा करणारे माणूस एकटे आणि थकलेले असेल, तर काही दिवस रुग्णालयात किंवा हॉस्पिसमध्ये ठेवण्यात काहीच वावगे नाही. सेवेचा भार बहुधा सुनेवर किंवा लेकीवर पडतो, आणि तिला कोणी विचारत नाही. तिचे मत निर्णयात सगळ्यांत आधी घ्यायला हवे, कारण रात्री जागणार ती असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना उपशामक सेवेची गरज असते आणि ती मिळते सुमारे १४ टक्क्यांना. भारताने २०१२ साली राष्ट्रीय कार्यक्रम आखला आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीतही उपशामक सेवा घातली. यादीतले नाव रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचायला मात्र स्थानिक माणसांचा आग्रह लागतो. ग्वाल्हेरच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने एक तरी डॉक्टर आणि दोन परिचारिका या कामासाठी तयार कराव्यात आणि मॉर्फिन ठेवण्याची मान्यता घ्यावी. मराठी मंडळांनी आणि मोहल्ल्यांतल्या संस्थांनी घरी जाऊन मदत करणारे स्वयंसेवक उभे करावेत. आणि ज्यांच्या घरी गंभीर आजाराचे निदान झाले आहे त्यांनी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारावे: वेदना वाढली तर तुमच्याकडे मॉर्फिन मिळेल का, आणि रात्री आम्ही कोणाला फोन करायचा?